बाळंतिणीची तपासणी: सिस्टरने घरी यायलाच हवं का?

मध्यरात्र: नऊ महिने वजन, रक्तदाब, लघवी, सोनोग्राफी. बाळ झालं की एकदम 'आता सहा आठवड्यांनी या'. मधे बाळाचं वजन झालं, लस झाली. माझा एक टाका उसवलाय हे कुणाला कळलंच नाही. जागतिक आरोग्य संघटना २०१३ पासून सांगतेय की प्रसूतीनंतर किमान चार तपासण्या हव्यात: पहिल्या २४ तासांत, ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात घरभेटीचीही शिफारस आहे. माझं मत: सिस्टरने घरी यायलाच हवं.

रोखठोक: असहमत. एवढ्या सिस्टर आणायच्या कुठून? एका घरी जाऊन येईपर्यंत दवाखान्यात कितीतरी जणी तपासून होतील. सगळ्यांना फोन करा, जोखमीच्या असतील त्यांच्याकडे जा. शिवाय कोणी येणार म्हटलं की बाळंतीणच उठून घर आवरायला लागते, हे आमच्याकडे पाहिलंय.

मध्यरात्र: जोखमीची कोण, हे आधी कसं कळणार? गरोदरपणात रक्तदाब नॉर्मल असलेल्या बाईलाही प्रसूतीनंतर प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे रक्तदाब धोकादायक वाढण्याचा आजार, होऊ शकतो. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि सगळे म्हणतात, जागरणाने होतंय.

रोखठोक: मग रक्तदाबाचं यंत्र घरी द्या. आकडा फोनवर कळवायचा.

पाळीवरची: मी प्रसूती विभागात सिस्टर आहे. यंत्राचं पटतं, जरूर द्यावं. पण बाळ स्तनाला नीट लागतंय का, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. फोनवर 'दूध पितंय ना?' विचारलं की उत्तर 'हो'च येतं. मनाचंही तेच. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुधा आपोआप ओसरतं. त्यापुढे लांबलं तर विचारावं लागतं. त्यासाठी बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरणारी एडिनबरो प्रश्नावली आहे, दहा प्रश्नांची. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. घरचे शेजारी बसलेले असताना फोनवर त्याचं खरं उत्तर कोण देईल?

रोखठोक: अहो, घरभेटीतही घरचे असणारच! उलट दवाखान्यात तिला एकटीला आत घेता येतं.

पाळीवरची: 'टाके बघायचेत' म्हटलं की खोली आपोआप रिकामी होते. :)

नवा_बाबा: दवाखान्यात मला हाक यायची ती फक्त बिलाच्या खिडकीवरून. बाळंतपणानंतरचं नैराश्य बापांनाही येतं, हे मला फार उशिरा कळलं. मी नुसताच चिडचिडा झालोय असं वाटायचं. घरी येणारीने दोन मिनिटं माझ्याशीही बोलावं. पण 'यायलाच' मधला 'च' मला खटकतो. बायकोला त्या दिवसांत परकं माणूस नको झालं होतं.

मध्यरात्र: 'च' मागे घेते. नको असेल तिने नको म्हणावं. मला तर कुणी विचारलंही नव्हतं.

रोखठोक: सिस्टर आणायच्या कुठून, याचं उत्तर अजून आलेलं नाही.