अर्थशास्त्र, लुथरन शिक्षकी आणि 'कॉल'

अमेरिकेतल्या कॉन्कॉर्डियासारख्या लुथरन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) कॉलेजात अर्थशास्त्राचा शिक्षक होताना द्यावे लागणारे धर्मशास्त्राचे पेपर म्हणजे आपल्याकडच्या मूल्यशिक्षणासारखी वरवरची भर, असं म्हटलं जातं ते मला पटत नाही. अर्थशास्त्रातलं मायक्रो-मॅक्रो तिथेही तेच, मान्य. पण मिसूरी सिनॉड या अमेरिकेतल्या लुथरन चर्च-संघटनेच्या शाळेत 'कॉल' (धर्मसेवा म्हणून शिकवण्यासाठी चर्चचं रीतसर बोलावणं) मिळायला मागाहून पात्र व्हायचं, तर धर्मशास्त्राचे आठ कोर्स, सिनॉडच्या स्थानिक डिस्ट्रिक्टची (विभागाची) शिफारस आणि वर प्राध्यापकांसमोर तोंडी परीक्षा!

या 'कॉल'ला किती वजन आहे ते कळायला होसाना-टेबर या लुथरन शाळेचा २०१२चा खटला बघा. तिथल्या 'कॉल' मिळालेल्या एक शिक्षिका गणित-विज्ञानही शिकवायच्या, धार्मिक काम दिवसाला जेमतेम पाऊण तास. तरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांना 'मिनिस्टर' (धर्मसेवक) ठरवलं. धर्मसेवक कोण असावा हे चर्चच ठरवतं, त्यामुळे अपंगत्व-भेदभावाच्या कायद्याखाली दाद मागण्याचा इशारा दिला म्हणून सूडाने काढून टाकल्याचा त्यांचा दावा तिथेच संपला. गंमत म्हणजे धर्मसेवकांना घरभत्त्यावर मिळणारी करसवलत या शिक्षिकेने स्वतःच घेतली होती. न्यायालयाने तीही विचारात घेतली.