बिलाच्या कोडवरून जनुकांचा रिसर्च? कसं शक्यंय?

कोडवाली_हडपसर
मी पुण्यात बसून यूएसच्या हॉस्पिटल्सचं मेडिकल कोडिंग करते, सात वर्षं झाली. चार्ट वाचा, आयसीडी कोड (प्रत्येक आजाराचा ठरलेला नंबर) टाका, पुढचा चार्ट. काल भाऊ म्हणाला (तो बायोइन्फर्मॅटिक्स करतोय) की हेच कोड घेऊन एकेक जीन (जनुक) हजारभर आजारांशी ताडून बघतात, फीवॉस म्हणतात त्याला. मला हसूच आलं. अहो आम्ही कोड टाकतो ते क्लेम पास व्हावा म्हणून! अ‍ॅडमिट पेशंटच्या डिस्चार्जला 'प्रोबेबल न्यूमोनिया' लिहिलं असेल तर नियमानेच न्यूमोनियाचा कोड जातो आणि तेच ओपीडीत लिहिलं असेल तर न्यूमोनिया टाकायचा नाही, नुसता खोकला नि ताप. शंका एकच, कोड दोन. यावर रिसर्च उभा कसा राहतो?

पोस्टडॉक_परदेशी
शंका रास्त आहे ताई, हे काम करणारे पण याच डोकेदुखीतून जातात. आधी उलटं चालायचं, एक आजार घ्यायचा आणि लाखो व्हेरियंट (डीएनएत माणसामाणसात असणारे छोटे फरक) तपासायचे. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टमध्ये जोश डेनी आणि मंडळींनी २०१० ला ते फिरवलं, ५ व्हेरियंट घेतले, ६००५ लोक, आणि रेकॉर्डमधून काढलेले ७७६ आजार-लक्षणं. डीएनए कुठून, तर रुटीन टेस्टला काढलेलं रक्त उरतं ना, एरवी फेकलंच जातं, त्यातून. नाव-पत्ता पुसतात, तारखा पण सरकवतात, पण एका पेशंटच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी, म्हणजे औषध सुरू झाल्यावर किती दिवसांनी काय झालं ते बिघडत नाही. मला हे फार आवडतं.

आता तुमचे कोड. एकेकटा कोड घेत नाहीत, एकाच आजाराचे सुटे कोड एका गटात टाकतात, फीकोड म्हणतात. आणि सहसा वेगवेगळ्या दिवशी दोनदा कोड पडला असेल तरच पेशंट मोजायचा. एकदाच पडलाय? मग त्याला आजारी पण धरायचं नाही आणि निरोगी पण नाही, बाजूला ठेवायचा. तुमचा 'प्रोबेबल'वाला बराचसा इथेच गळतो.

अजून कडक पाहिजे असेल तर २०११ चं हायपोथायरॉइडचं (थायरॉइड कमी काम करण्याचं) काम बघा. पाच ठिकाणच्या रेकॉर्डमधून १३१७ पेशंट आणि ५०५३ कंट्रोल (तुलनेसाठी हा आजार नसलेले) काढले, नुसत्या कोडवर नाही, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि गोळ्या पण बघून. जीनोटायपिंग (डीएनएतले व्हेरियंट वाचणं) भलत्याच अभ्यासांसाठी आधीच झालेलं होतं, नवीन एक पण केलं नाही. फॉक्सई१ जीनजवळचा व्हेरियंट सापडला, जो आधी थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये दिसला होता. मग तोच सगळ्या आजारांवर फिरवला तर गॉयटर (गलगंड) वगैरे पण निघाले.

पी_व्हॅल्यू_पीडित
वरच्यात एक मेख राहिली. २०१३ ला डेनी मंडळींनीच १३५८ आजार घेतले. एवढे आजार एका व्हेरियंटशी ताडले आणि ०.०५ चीच रेषा (शंभरात पाचदा योगायोगानेही पार होणारी) ठेवली तर निव्वळ योगायोगानेच ६०-७० 'शोध' लागतील! म्हणून ०.०५ ला १३५८ ने भागायचं, रेषा ०.००००३७ वर येते. मग दुर्मिळ आजार बिचारे मागे पडतात, पेशंटच पुरत नाहीत.

आणि दुसरं म्हणजे एफटीओ जीन. स्थूलपणा, डायबिटीस, झोपेत श्वास अडकणं, सगळ्याशी लागतो. लगेच 'एक जीन, तीन आजार' म्हणून नाचू नका, बराचसा खेळ वजनाचा असतो, जीन वजन वाढवतो आणि वजन बाकीचं करतं. कोड नुसते एकत्र दिसतात, कुणामुळे कोण ते सांगत नाहीत.

डॉक्टर_मिरजकर
आमच्याकडे रेकॉर्ड म्हणजे पेशंटच्या हातातली कॅरीबॅग. त्यात एक्स-रे, तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि शुगरचा रिपोर्ट नेमका घरी. १४ आकडी आभा नंबर (सरकारी हेल्थ आयडी) आता बऱ्याच जणांकडे आहे पण नंबर असणं आणि त्याला जुने कागद जोडलेले असणं यात फरक आहे बाबांनो.

माझा मुद्दा वेगळाय. कोड चुकीचा पडला तर दोनदा बघून पकडाल, पण जो आलाच नाही त्याचं काय? शुगर आहे, तपासलीच नाही, तर तुमच्या हिशोबात तो निरोगी. आणि हे फक्त इकडचं नाही, अमेरिकेत पण इन्शुरन्स नसलेला माणूस दुखणं अंगावरच काढतो की.

पोस्टडॉक_परदेशी
डॉक्टर, यावर धड उत्तर नाही. किमान इतक्या व्हिजिट झालेलेच लोक घ्यायचे असं करतात, पण मग सारखे आजारी पडणारेच हाती लागतात.

कोडवाली_हडपसर
सगळ्यांना थँक्यू, भावाची माफी मागावी लागणार 😅 आज शिफ्टला एक ई०३.९ आला, हायपोथायरॉइड. एरवी दहा सेकंदात पुढे गेले असते. आज उगाच मागच्या व्हिजिट बघितल्या, गोळ्यांच्या यादीत लेवोथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) होतं, टीएसएच पण होता, आणि कोड फक्त आजच पहिल्यांदा पडत होता. आधीच्या वेळी कुणीतरी टाकायचाच राहिला होता.

पी_व्हॅल्यू_पीडित
म्हणजे आज तो बाजूला ठेवलेल्यांत गेला. पुढच्या व्हिजिटला टाका हो नक्की.