दुखण्यावर कायमची पट्टी: लावावी की नको?

घडवंची

मंडळी, एक निर्णय घ्यायचाय आणि घरात एकमत होत नाही, म्हणून धागा काढतेय.

वय ४७, शाळेत शिकवते. कमरेच्या गादीची दोन ऑपरेशनं झाली, २०१९ आणि २०२१ मध्ये. दोन्ही वेळा नंतर सांगितलं गेलं की एमआरआय छान आहे. एमआरआय छान आहे हो, मी नाही.

"दहापैकी किती दुखतं?" असं डॉक्टर विचारतात. मी सहा सांगते. आठ म्हटलं तर नाटकी वाटतं, चार म्हटलं तर घरी पाठवतात. खरं म्हणजे सकाळी कमरेत रग असते, दुपारी मांडीतून सळक जाते आणि रात्री पोटरीची आग आग होते. या तिघींना मिळून एक आकडा कसा द्यायचा? पोळ्या करताना ओट्याला कुल्ला टेकवून उभी राहते, तिसऱ्या पोळीला पाय बदलते. शेकाची पिशवी तर आता घरातलं माणूस झालीय.

प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी) घेतलं, तर वर्गात मुलांची नावं आठवेनात. मग तशीच दुसरी, ड्युलोक्सेटिन झालं, फिजिओ झालं, मणक्यात इंजेक्शनं झाली, बस्ती झाली (दहा दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू). साध्या वेदनाशामक गोळ्या तीन वर्षं खाल्ल्या, गेल्या वर्षी किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलं म्हणून त्याही बंद.

आता पेन क्लिनिकच्या डॉक्टरीण बाई ब्यूप्रेनॉर्फिनची, कातडीला चिकटवायची पट्टी सुचवतायत. सगळ्यात कमी ताकदीची, तासाला ५ मायक्रोग्रॅमची, आठवड्याला एक. त्या म्हणाल्या, कदाचित बरीच वर्षं लागेल. हे अफूच्या कुळातलं औषध. सासूबाई गिरणगावात वाढलेल्या. कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी चाटवून झोपवायच्या, ते त्यांनी पाहिलंय. त्यांचं एकच वाक्य, "अफू ती अफूच." मिस्टर रात्री अमेरिकेतल्या असल्याच औषधांच्या व्यसनाच्या बातम्या वाचत बसतात आणि सकाळी माझ्याकडे असं बघतात की जणू मी आत्ताच नशेत आहे.

कॅन्सर नाही, मरणार नाहीये. मग वर्षानुवर्षं हे औषध घ्यावं का?

रोखठोक

नको. सरळ उत्तर.

माझा धाकटा भाऊ. मोटरसायकलवरून पडला, मांडीत रॉड. ट्रामाडोल (तेही याच कुळातलं) सुरू झालं ते सहा आठवड्यांसाठी. दीड वर्षानंतर दिवसाला किती गोळ्या हे त्यालाच माहीत नव्हतं. एकदा फिट येऊन बाथरूममध्ये पडला. डॉक्टरांनी सांगितलं, फिट गोळ्यांमुळेच. आणि मॅडम, तुम्हाला जे औषध पट्टीतून देतायत तेच त्याला व्यसनमुक्ती केंद्रात जिभेखाली ठेवायला दिलं. तीन वर्षं झाली, अजून सुटलेलं नाही. ज्या दारातून लोक बाहेर पडायला धडपडतात त्या दारातून आत कशाला जाता?

सातूचं पीठ

रोज वीस मिनिटं मकरासन आणि भुजंगासन. मेथीदाणे रात्री भिजवून. बाकी मनाचे खेळ आहेत.

घडवंची

@सातूचं पीठ: मेथी, मकरासन दोन्ही झालं. मनाचे खेळ म्हणालात त्याबद्दल काही बोलत नाही, कारण उद्या पहिला तास आहे.

दुसरी पाळी

@रोखठोक, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण आज तो कामावर जातो का? जात असेल तर त्या जिभेखालच्या गोळीनेच त्याला उभं केलंय ना?

मी साडेचार वर्षं हीच पट्टी लावतोय. हाताचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण हात पेटलेलाच राहिला. सदराची बाही लागली तरी कळ. पट्टी लावल्यावर दुखणं गेलं का? नाही. शेजारच्या खोलीत गेलं. आवाज येतो, पण माझं काम चालतं. मी पुन्हा गिअरची गाडी चालवतो (डोस बसेपर्यंत दोन महिने चालवली नव्हती).

फुकट काही नाही, तेही सांगतो. बद्धकोष्ठ अंगवळणी पडतच नाही, इसबगोल आणि रेचक रोजचं. पट्टीखाली खाज. एकदा दिवाळीत गावी गेलो आणि पट्टी विसरलो. तालुक्यात कुठेच मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी घाम, जांभया, पायांत चुळबुळ. त्या दिवशी मलाही रोखठोकांसारखंच वाटलं.

क्लीव्हलंडचा काका

ओहायोत फार्मसिस्ट आहे, तेवीस वर्षं काउंटरमागे. मिस्टरांनी वाचलेल्या बातम्या खोट्या नाहीत. १९९६ मध्ये ऑक्सीकॉन्टिन ही अफूच्या कुळातली गोळी बाजारात आली आणि व्यसनाचा धोका किरकोळ असल्याचं डॉक्टरांना पटवलं गेलं. त्या जाहिरातबाजीबद्दल ती बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने २००७ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला, २०२० मध्ये पुन्हा, वेगळ्या आरोपांवरून. मधल्या काळात आमच्या राज्यातली गावंच्या गावं पोखरली.

दुसरी गोष्ट पुराव्याची. २०१८ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. कंबर, गुडघा किंवा खुब्याच्या जुन्या दुखण्याचे २४० रुग्ण, अर्ध्यांना अफूजन्य औषधं, अर्ध्यांना इतर. वर्षभराने हालचाल, काम यांत काहीही फरक नाही. उलट दुखणं दुसऱ्या गटात किंचित कमी. मग धोका कशासाठी पत्करायचा?

भूलभुलैया

भूलतज्ज्ञ आहे, आता बराचसा वेळ दुखण्याचीच ओपीडी. काका, ती चाचणी उत्तम आहे आणि मी तिच्यामुळेच गुडघेदुखीला ही औषधं देत नाही. पण त्यातले इतर गटवाले पॅरासिटामॉलपासून सुरुवात करून वेदनाशामक गोळ्यांवर होते. घडवंचीताईंची किडनी त्यातल्या बऱ्याच गोळ्यांना नाही म्हणतेय. आणि अमेरिकेची गोष्ट अर्धीच सांगितलीत. २०१६ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनंतर तिथे घाबरून जुन्या रुग्णांचे डोस तडकाफडकी तोडले गेले. लोकांचे इतके हाल झाले की अचानक बंद करू नका, असा इशारा २०१९ मध्ये औषध प्रशासनाला द्यावा लागला आणि २०२२ मध्ये सूचनाच बदलल्या.

सवय आणि व्यसन यांत आपल्याकडे फार गल्लत होते. रोज घेतलं की शरीर सरावणारच, एकदम थांबवलं की घाम-जुलाब होणारच. सगळ्यांना होतं. ती सवय. नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही हात थांबत नाही, ते व्यसन. ब्यूप्रेनॉर्फिन अर्धवटच काम करणारं असतं. डोस वाढवला तरी श्वासावरचा दाब एका पातळीनंतर फारसा वाढत नाही, म्हणूनच ते व्यसनमुक्तीतही वापरतात. पण व्यसन लागणारच नाही, असं लेखी देणारा डॉक्टर भेटला तर पळा. काहींना लागतं, आणि कोणाला ते आधी खात्रीने सांगता येत नाही.

ताई, एक प्रश्न. झोपेसाठी काही घेता का?

रोखठोक

"काहींना लागतं." त्या काहींपैकी एक माझ्या घरात जेवायला बसतो, डॉक्टर. तुमच्यासाठी तो टक्का आहे. आणि हो, @दुसरी पाळी, कामावर जातो. पण पगाराच्या दिवशी त्याला स्टेशनवरून घरी आणायला मी जातो.

तालुक्याचा केमिस्ट

काउंटरच्या अलीकडून. २०१४ पासून एच-वन यादी (चिठ्ठी आणि नोंद सक्तीची असलेली औषधं) आली, ट्रामाडोल, ब्यूप्रेनॉर्फिन, अल्प्राझोलाम सगळं त्यात. वेगळी वही, रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, तीन वर्षं जपायची. २०१८ मध्ये ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्यात गेलं. तेव्हापासून निम्मे दुकानदार म्हणतात, ठेवूच नका, कटकट नको. म्हणजे चिठ्ठी घेऊन आलेली म्हातारी परत जाते आणि बिनचिठ्ठीवाल्या पोराला कुठून मिळायचं ते बरोबर मिळतं.

आपल्याकडे नीमच-मंदसोरला सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि माझ्या तालुक्यात कॅन्सरच्या माणसाला मॉर्फिन मिळत नाही. २०१४ मध्ये कायदा सोपा केला म्हणे. केरळात घराघरात पोचलं, आमच्याकडे पोचायचंय.

क्लीव्हलंडचा काका

शेवटच्या दिवसांतल्या माणसाचं मॉर्फिन आणि ४७ वर्षांच्या बाईची वीस वर्षांची पट्टी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यावर भांडण नाहीच. पहिल्याची दया दुसऱ्याला लावू नका, एवढंच.

डॉक्टर, वेदनाशामक गोळ्या आणि किडनीचा मुद्दा मान्य. चाचणीत त्यांच्यासारखी, दोनदा ऑपरेशन होऊन पायाची आग राहिलेली माणसं किती असतील, हा प्रश्नही रास्त आहे. तरी सुरू करण्याआधी बंद कसं करणार ते लिहून घ्या. माझ्या काउंटरवर ते कोणीच लिहून आणलं नव्हतं.

घडवंची

@भूलभुलैया: हो. अल्प्राझोलाम पाव मिलिग्रॅम. ऑपरेशननंतर सुरू झालं, पाच वर्षं होतील. पेन क्लिनिकमध्ये सांगितलं नाही. लपवलं नाही, पण गोळी इतकी बारीक की ती औषधात मोजायची असते हेच डोक्यात नव्हतं. त्या अर्थी सवय म्हणतात ती मला आधीच लागलीय, नाही का?

भूलभुलैया

हेच विचारायचं होतं. दोन्ही एकत्र घेतली की श्वास मंदावतो, आणि मी म्हटलं ती पातळी मग भरवशाची राहत नाही. उद्याच डॉक्टरांना फोन करा. आणि कृपया आज रात्री स्वतःहून ती गोळी टाकून देऊ नका, तिचंही एकदम बंद करणं वाईट. रात्री घोरता का, तेही घरच्यांना विचारून सांगा.

रोखठोक

मी विरोधातच आहे, पण हा प्रश्न भावाला पहिल्याच दिवशी कोणी विचारला असता तर. असो.

घडवंची

पाच आठवड्यांनी अपडेट. अल्प्राझोलाम हळूहळू उतरवली, शेवटचे दहा दिवस झोपेचे हाल झाले, आता नाही. घोरत नाही (मिस्टरांची साक्ष. ते स्वतः घोरतात, त्यामुळे किती धरायची बघा). पट्टी सोमवारी लावायची ठरलीय. डॉक्टरांकडून कागदावर घेतलंय. तीन महिन्यांची मुदत, दहापैकी किती ते मोजायचं नाही. मोजायचं ते हे: पूर्ण तास उभं राहून शिकवणं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नववी ब पर्यंत न थांबता जिना. दोन्ही जमलं नाही तर पट्टी उतरवत न्यायची. डोस वाढवून बघू, असं म्हणायचं नाही. कागद मिस्टरांकडे आहे. सासूबाईंनी वाचला, चष्मा काढला आणि काही बोलल्या नाहीत.

दुसरी पाळी

शुभेच्छा. एक सांगायचं राहिलं. पट्टीवर गरम पिशवी अजिबात ठेवू नका. उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात जातं. ताप आला तरी डॉक्टरांना कळवा.

घडवंची

अरे देवा. मग शेक कुठे घेऊ?

दुसरी पाळी

पट्टी दंडावर लावा, शेक कमरेला. दर आठवड्याला जागा बदला, त्याच जागी तीन आठवडे पुन्हा नको. मी घरातल्या कॅलेंडरवर कुठल्या आठवड्याला कुठली जागा ते लिहितो, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी.