गरम झाल्यावर ऑइलचा लाल दिवा लागतो, पंप बदलावा का?

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही गुहागरला असतो. बाबांची 2011 ची पेट्रोल गाडी, 1 लाख 38 हजार किलोमीटर झालेली. सकाळी काही नाही, पण चिपळूणहून घरी पोचेपर्यंत इंजिन तापलं की न्यूट्रलला ऑइलचा दिवा फडफडतो. जरा रेस दिली की विझतो. डिपस्टिकवर पातळी बरोबर आहे, ऑइल मात्र 14 महिने बदललेलं नाही.

गॅरेजवाल्यांनी काहीच न मोजता ऑइल पंप गेला म्हणून सांगितलं. मला ते पटत नाही. तापल्यावर ऑइल पातळ होतं, न्यूट्रलला पंपही सावकाश फिरतो, म्हणजे प्रेशर तिथेच सगळ्यात कमी असणार. चेंबरमधली (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी गाळाने तुंबली असेल, इंजिनचे बेअरिंग झिजले असतील, तरी दिवा असाच लागेल ना? बेअरिंगच झिजले असतील तर नवा पंप घालून काय उपयोग? शिवाय आमच्याकडची खारी हवा; दिवा लावणाऱ्या ऑइल प्रेशर स्विचचा कनेक्टर हिरवा पडलाय, म्हणजे दिवा खोटाही लागत असेल.

चिपळूण-रत्नागिरीकडे स्विच काढून तिथे गेज लावून प्रेशर मोजणारे कोणी माहीत आहेत का? आधी चेंबर उतरवून जाळी धुवावी की थेट फ्लशिंग (औषध घालून आतला गाळ सोडवणं) करावं? सुटलेला गाळ जाळीत अडकेल अशी भीती वाटते.

तोवर गाडी बंदच ठेवली आहे. पण बाबांना पुढच्या आठवड्यात तपासणीला रत्नागिरीला न्यायचंय, म्हणून जरा घाई आहे.