मदत हवी आहे: माळवदासारखं गार, पण भूकंपात टिकणारं घर

मंडळी, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात घर बांधायला काढलंय. फक्त तळमजला. पाया झालाय, भिंती पुढच्या महिन्यात.

सध्याचं भाड्याचं घर स्लॅबचं. मे महिन्यात रात्री अकराला खाटेवर पडलं की वरून आच येते, पंखा तीच खाली ढकलतो. एसी नकोय. एक तर लाइटचा भरवसा नाही.

लहानपण माळवदात गेलं. हात-दोन हात रुंद दगडी भिंती, तुळया, किलचनं (तुळयांवरच्या लाकडी पट्ट्या), वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भर दुपारी गार. पण तीच माती आणि तेच दगड ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात झोपलेल्या माणसांवर आले. आई अजून माळवदाचं नाव काढू देत नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेल्या रॅट-ट्रॅप बाँडबद्दल वाचलं. विटा कडेवर उभ्या लावायच्या, नऊ इंची भिंतीत पोकळी राहते, पाव विटा वाचतात. मिस्त्री म्हणतो, "साहेब, पोकळीत विंचू राहायला येतील." इंजिनिअर नुसता हसतो. आपल्याकडे ही भिंत चालेल का? त्या भूकंपाआधी लातूर भूकंपधोक्याच्या झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्यात धरायचे, २००२ मध्ये झोन ३ मध्ये टाकलं, म्हणून भीती.

उत्तर: चालते, पण कोपऱ्यांत आणि दारा-खिडक्यांच्या कडेला पोकळीत उभी सळई सोडून काँक्रीट भरा. जोतं, लिंटेल (दारा-खिडक्यांच्या वर) आणि छत, तिन्ही ठिकाणी सलग काँक्रीटचा पट्टा. सळईचा हिशोब त्या हसणाऱ्या इंजिनिअरकडूनच लेखी घ्या. जोत्यावरचा, खिडकीखालचा आणि सगळ्यात वरचा थर भरीव असतो, त्यामुळे विंचवाला वाट नाही. लाइटचे पाइप मात्र आधीच ठरवा. नंतर झिऱ्या (पाइपासाठी भिंतीत खाचा) मारल्या तर उभी वीट फुटते.

खरं दुखणं छताचं आहे. मेच्या मध्यावर लातुरात सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो, भिंतींपेक्षा स्लॅबच जास्त तापतो. फिलर स्लॅब करा, म्हणजे खालच्या भागात सळयांच्या चौकटींत मंगलोरी कौलं. तिथलं काँक्रीट तसंही ताण घेत नाही, तो सळई घेते. सिमेंट वाचतं. वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवा, नाहीतर दर उन्हाळ्याआधी चुना मारा.

धागाकर्ता: आभारी आहे. मिस्त्रीला आधी अंगणातलं न्हाणीघर याच भिंतीचं बांधायला लावतो. हात बसला की घर. झिऱ्यांचं कुणीच बोललं नव्हतं.