मदत हवी आहे: आधारवर बाबांचं वय चार वर्षांनी कमी, वय वंदना कार्ड कसं काढू?

नमस्कार. प्रश्न बाबांचा आहे आणि घाईचा आहे.

बाबा एसटीत कंडक्टर होते. दाखल्यावर जन्म १९५३ चा. गावात आधारचा कॅम्प लागला तेव्हा ऑपरेटरने अंदाजाने १ जानेवारी १९५७ टाकलं. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आता आयुष्मान वय वंदना कार्डासाठी (सत्तरीपुढच्यांना मोफत उपचारांचं सरकारी कार्ड) तीच तारीख आडवी आली आहे. सत्तरी पूर्ण झाली की या कार्डाला उत्पन्नाची अट नाही, आधीचे आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. पण वय बघतात ते आधारवरचंच. आईचं कार्ड केवायसी होताच निघालं. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे बाबा शेजारी बसून होते, ते तसेच परत आले. वाटेत म्हणाले, "राहू दे गं, माझं काय एवढं." ते अजून मनातून जात नाही.

अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघालेत. डॉक्टर महिन्याभरात बायपास करा म्हणतात.

आधारवरची जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून चुकीचा कागद लावून ती संधी घालवायची नाही. बाबा सातवी शिकलेले, त्यामुळे बोर्डाची मार्कशीट नाही. पासपोर्टही नाही. पेन्शनची पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद) आहे, तिच्यावर १९५३ च आहे. पीपीओ लावून कुणी दुरुस्ती करून घेतली आहे का?

दुसरं म्हणजे, धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. वय वंदनाचे ५ लाख आई-बाबांत मिळून, भाऊ त्यात बसत नाही. त्याच्यासाठी काय करता येईल?

उत्तर १

ताई, आधी ऑपरेशनचं बघा, आधार नंतर. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार मोफत होतात, तिला वयाची अट नाही. आता पांढऱ्या रेशनकार्डालाही ती लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख, आणि बायपास तिच्यात बसते. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्य मित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि अँजिओग्राफीचा रिपोर्ट घेऊन थेट तिथे जा. ॲडमिट होण्याआधी जा, भरती होऊन बिल चढल्यावर धावपळ फार होते. आमच्या काकांच्या वेळी आम्ही हीच चूक केली होती.

पीपीओबद्दल इथल्या कुणाच्या शब्दावर जाऊ नका. मूळ प्रत घेऊन आधार सेवा केंद्रात दाखवा, चालते असं त्यांनी सांगितलं तरच अर्ज भरा.

उत्तर २

भावासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना बघा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच आहे. कव्हर १ लाखाचं, वयाची अट नाही, आधी तपासण्या करायला लावत नाहीत. मुख्य म्हणजे ओपीडी आणि थेरपीचा खर्चही धरतात, तो बाकीच्या बऱ्याच योजनांत मिळत नाही. माझी मुलगी त्यात आहे. फिजिओथेरपीची प्रत्येक पावती तारखेनिशी जपून ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. महात्मा फुले योजनेत भाऊ तुमच्याच रेशनकार्डावर येईल, त्याचं नाव त्यावर आहे ना ते आजच तपासा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रेशनकार्ड काढून बघितलं, भावाचं नाव आहे. महात्मा फुले योजना फक्त पिवळ्या-केशरी कार्डाला, असंच आम्ही आजवर धरून होतो. उद्या सकाळी बाबांना घेऊन आरोग्य मित्राकडे जाते. काय झालं ते इथेच लिहीन.