प्री-फेडरला मराठीत काय म्हणावं?

अडलेला: लाइव्ह कार्यक्रमांसाठी मिक्सर निवडताना काय पाहावं, या विषयावरचा लेख मराठीत आणतोय. 'ऑक्स सेंड प्री-फेडर करता येतो का, ते तपासा' इथे गाडी अडली. ऑक्स सेंड म्हणजे चॅनलमधून, म्हणजे एकेका माइकच्या किंवा वाद्याच्या वाटेतून, दुसरीकडे वेगळा पाठवलेला आवाज. चॅनलची पातळी ठरवणाऱ्या सरकत्या पट्टीच्या, म्हणजे फेडरच्या, आधीच तो घेतला की प्री-फेडर. मी 'सरकपट्टीपूर्व' लिहिलं, तर संपादकांनी 'मंदकपूर्व' केलं. फेडर आवाज मंद करतो म्हणून, म्हणे.

तिरपा कान: फेडर वरही सरकतो की! तेव्हा वर्धक म्हणायचं का? 'फेडरआधी' आणि 'फेडरनंतर' लिहा, झालं.

शुद्धमती: त्यात फेडर राहिलाच. मग मराठी कशाला करताय? सरकपट्टी चांगला शब्द आहे, डोळ्यांसमोर येतो.

तिरपा कान: कार्यक्रम ऐन रंगात असताना 'सरकपट्टी खाली घे' असं ओरडून बघा. शब्द कुठलाही घ्या, पण कारण लिहा. मॉनिटरचा, म्हणजे स्टेजवर गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, सेंड प्री हवा, म्हणजे प्रेक्षकांसाठी गायकाचा फेडर कमी केला तरी स्टेजवर त्याला स्वतःचा आवाज तेवढाच येतो. रिव्हर्बचा, म्हणजे घुमाऱ्याचा, सेंड मात्र पोस्ट, फेडरनंतरचा. नाहीतर गाणारा बंद आणि घुमारा चालू!

मागच्या रांगेतला: ग्रुप आणि डीसीए या दोघांनाही 'गट' केलं नाहीत ना? ग्रुपमधून अनेक चॅनलचा एकत्र आवाज खरोखर जातो, त्यावर कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आवरणारा) बसवता येतो. डीसीएतून आवाज जातच नाही, तो नुसता चॅनलची पातळी दुरून हलवतो. कोरसचा ग्रुप खाली ओढला आणि रिव्हर्ब त्या ग्रुपमध्ये परत येत नसेल, तर सेंड पोस्ट असूनही रिव्हर्ब मागे लोंबकळतो. डीसीए ओढला की तोही जातो. मिक्सर घेताना मी हे आधी बघेन.

अडलेला: केलंय खरं. दोन्हीकडे 'गट'च आहे.

शुद्धमती: ग्रुपला 'समूहवाहिनी' म्हणा. शेवटी तो बसच आहे, अनेक आवाज एकत्र वाहून नेणारी वाट.

तिरपा कान: बस मूळची लॅटिन 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी'. रस्त्यावरची आणि मिक्सरमधली एकाच घरातली. वाहिनी कशाला, बसच राहू द्या.

शुद्धमती: लॅटिन चालतं, संस्कृत नाही!

मागच्या रांगेतला: गेनचं, म्हणजे माइकचा सिग्नल आत येतानाच किती वाढवायचा त्याचं, काय केलंत? 'आवाज' लिहिलं असेल तर वाचणारा फेडरचं काम गेनवर करेल, आणि गेन हलला की प्री सेंडसुद्धा हलतात. मॉनिटर शिट्टी मारायला लागेल.

शुद्धमती: 'प्रवर्धन'.

तिरपा कान: आणि फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरकडून केबलमधूनच माइकला मिळणारी वीज? 'भूतशक्ती'?

अडलेला: तिथे नुसतं '४८ व्होल्ट' लिहिलं. बटणावरही बहुतेक तेवढंच छापलेलं असतं.